आधी ड्राइव्ह चालू होऊंदे

आई,

तुझा तो फ्लॉपीचा ड्राइव्ह परत घरी आला आहे. शाळेची जुनी प्रयोगशाळा पाडायला काढली, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात सापडला, तुझ्या त्या संगणकासकट. आताचे विज्ञानाचे सर दोन्ही वस्तू रिक्षात घालून घेऊन आले. सर म्हणजे तुझाच विद्यार्थी, तू ज्यांना वर्गाबाहेर उभं करायचीस त्यांतला एक. आता त्याच्याच डोक्यावर केस उरले नाहीत. शाळेच्या कार्यक्रमात मांडायचा आहे म्हणाला, आणि नुसता मांडण्यापेक्षा चालू झाला तर पोरांना गंमत वाटेल. "ताई, तुमी आवशीबरोबर तो उघडल्यात ना? मगे तुमीच बघा," असं म्हणून चहा पिऊन गेला. तेव्हापासून तो माझ्या ओट्यावर मिक्सरच्या शेजारी बसून आहे. खाऱ्या हवेनं पत्र्याला गंज धरलाय. आतला रबराचा पट्टा वितळून काकवीसारखा चिकट झालाय, आणि नवा पुण्याहून मागवलाय तो अजून आलेला नाही. मी रोज त्याच्याकडे बघते आणि रोज तुझ्यावर चिडते. इतक्या वर्षांनी चिडायचं काय कारण, असं कुणीही म्हणेल. कारण आहे, आणि आज ते लिहून काढायला बसले आहे.

तो संगणक शाळेत आला तेव्हा मी कणकवलीला कॉलेजात होते आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात तू एकटीच. सरकारकडून शाळेला संगणक मिळणार, त्याच्या प्रशिक्षणाला कुणीतरी पुण्याला जायला हवं, असं हेडमास्तरांनी सांगितलं आणि सगळ्या मास्तरांची भातकापणी, पाहुणे आणि कंबरदुखी एकदम निघाली. शेवटी गणिताच्या बाई म्हणून तुझं नाव घातलं. तू गेलीस आणि परत आलीस ती वेगळीच होऊन आलीस. तोपर्यंत मी तुला कशाची हौस असलेली पाहिलंच नव्हतं. जेवण, शाळा, वह्या, काजूच्या बागेची राखण, एवढ्यात तुझा दिवस संपायचा. आता तू भात ढवळताना मला सांगायचीस की हे यंत्र आपण सांगू तेवढंच करतं आणि चुकलो तर कुठे चुकलो तेही सांगतं, माणसांत एवढा प्रामाणिकपणा कुठे असतो. मी हसायचे. शाळेतले मास्तर त्याला 'बाईंचो रेडिओ' म्हणायचे, तेही तुला ठाऊक होतं.

रेडिओ म्हणायला कारणही होतं. प्रोग्राम कॅसेटीवर ठेवलेले असायचे. टेपरेकॉर्डर जोडून प्ले दाबला की तो किंचाळत राहायचा, आणि अर्धा तास संपत आला की पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायची. मग सगळं किंचाळून झाल्यावर शेवटाशी अडकायचं, घंटा व्हायची आणि पोरं काळा पडदा बघून भूगोलाच्या तासाला जायची. फ्लॉपीचा ड्राइव्ह जोडला तर हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, हे तू पुण्यात बघून आली होतीस. अर्ज करकरून तू तो मंजूर करून घेतलास. मंजुरीबरोबर एक अटही आली. नवीन वर्षात शिक्षण खात्याचे अधिकारी येऊन बघणार, पोरं खरोखर संगणक वापरत असतील तर तो राहील, नाहीतर मोठ्या गावातल्या शाळेत हलवतील. हेडमास्तरांना त्यात काही वाईट दिसलं नाही. "बाई, गेला तर गेला, एक खोली मोकळी होईल," असं ते म्हणाले, आणि ते तू मला किती वेळा सांगितलंस याची गणती नाही.

आणि त्याच वर्षी आषाढात, एका रविवारी सकाळी, चुलीवरून पेज उतरवून झाल्यावर तू हात पुसलास, माझा हात धरलास आणि पोलक्यावरून काखेच्या जरा खाली ठेवलास. चिंचोक्याएवढं काहीतरी होतं, घट्ट, बोटाखालून न सरकणारं. मी दचकले.

"दुखता?"

"दुखणा नाय. म्हणानच इतके दिस बोलाक नाय."

मी म्हटलं, उद्याच गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जाऊ. तू पेज वाढायला लागलीस. "चतुर्थी होऊंदे गो. गणपती येतलो घरात, आणि आता खंय इस्पितळात जावन बसू?" आपल्याकडे यावर कुणी वाद घालत नाही. कौलं परतायची, दात काढायचे, भावाभावांची भांडणं मिटवायची, स्थळ बघायला जायचं, सगळं चतुर्थी झाल्यावर. मलाही तेव्हा ते रीतीचंच वाटलं. मी पेज प्यायले, लोणच्याची फोड चोखली आणि कणकवलीची गाडी पकडली.

गणपती पोचवले आणि दुसऱ्याच आठवड्यात मुंबईहून पार्सल आलं. त्यात हा ड्राइव्ह, एक चपटी राखाडी वायर, आणि संगणकाच्या पोटातल्या रिकाम्या जागी दाबून बसवायच्या काळ्या चिपा. मी घरी आले तर तू आधीच ठरवून ठेवलेलं. "आदी ड्राइव्ह चालू होऊंदे. एक ह्या तरी माझ्या हातान पुरा जावंदे." रविवारी शाळा उघडून आपण दोघी बसायचो. शॉक लागू नये म्हणून तू पायाखाली घरचा पाट घ्यायचीस, आणि मी बॅटरी धरून उभी. चिपा बसवल्या, वायर लावली, बटण दाबलं, तर ड्राइव्हचा लाल दिवा जो लागला तो विझेचना. पडद्यावर काही नाही. पुढच्या रविवारीही तेच. मग एकदा तू वायरीकडे बघत राहिलीस, ती उपटलीस, उलटी केलीस आणि परत खोचलीस. दिवा विझला. फ्लॉपी घातलीस, दोन शब्द टाईप केलेस, आतून घरघर झाली आणि पडद्यावर नावांची यादी उभी राहिली. कॅसेटीला अर्धा तास लागायचा, तेच काम. तू माझ्या पाठीत एक हलकीशी चापट मारलीस. त्या दिवशी वाटेत तू आपणहून म्हणालीस की दिवाळीची सुट्टी लागली की गोव्याला जाऊया. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी बाजारात तुला शहाळं पाजलं.

दसऱ्याला शाळेत सरस्वतीची पूजा असते. त्या वर्षी हेडमास्तरांनी संगणकालाही पूजेत धरलं. तू आधीच सगळ्यांना बजावलं होतंस, शाळेतल्या तुझ्या स्वच्छ पुस्तकी मराठीत, "यंत्रावर काहीही टाकायचं नाही. हळद नको, कुंकू नको, पाणी तर नकोच. फूल ठेवायचं तर टेबलावर ठेवा." सगळ्यांनी ऐकलं. हेडमास्तरांच्या बायकोनं टेबलाच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं, नारळ बाहेर पायरीवर फोडला. तू मागे भिंतीपाशी उभी होतीस. विधवेनं पुढे यायचं नाही असं कुणी बोललं नाही, आणि तू पुढे गेलीही नाहीस. जिच्यामुळे ते यंत्र चालत होतं तीच भिंतीपाशी, याचा मला संताप आला होता आणि तो अजून आहे. सगळे प्रसादाला बाहेर गेल्यावर मी तुझी छत्री घ्यायला परत आले, तर तू ड्राइव्हसमोर उभी होतीस. ताटातल्या अक्षता चिमटीत घेऊन, डोळे मिटून, देवावर टाकाव्यात तशा तू त्याच्यावर टाकल्यास. मग लगेच पदरानं सगळ्या टिपून घेतल्यास. देवळात जायचं म्हटलं की वह्यांचा गठ्ठा काढून बसणारी तू. काय मागितलंस ते मी विचारलं नाही. ड्राइव्हसाठी की काखेतल्या गाठीसाठी, एवढं तरी विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

दसऱ्यानंतर शाळा भरली आणि ड्राइव्ह बंद पडला. दिवा लागायचा, विझायचा, म्हणजे वायर बरोबर होती. पण आतून कटकट आवाज यायचा आणि पडद्यावर चूक दाखवायचा, तीच चूक, पुन्हा पुन्हा. तू चिपा काढून परत बसवल्यास. फ्लॉपी बदलून बघितल्यास. दमट हवेनं झालं असेल म्हणून ड्राइव्ह खोक्यात घालून त्यात दिवा लावून ठेवलास, अंड्यातून पिल्लं काढायची असावीत तसा. मुंबईला पत्र लिहिलंस, त्यांचं उत्तर आलं की पाठवून द्या, दुरुस्तीला वेळ लागेल. उघडून बघावा तर बुडाला कागद चिकटवलेला, सील तोडलं तर हमी गेली. सरकारी वस्तू, तू कशी तोडणार. दिवाळी आली. मी कपडे भरून तयार होते. तू म्हणालीस, "असो अर्धो टाकून कशी येव? अधिकारी इले आणि ह्यो बंद दिसलो तर?" मी भांडले. त्या दिवाळीत आपण एकमेकींशी धड बोललोही नाही, पोह्यांचा फराळसुद्धा पाठीला पाठ लावून केला. मग मार्गशीर्ष लागला, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. मी दर शनिवारी यायचे, दर शनिवारी विचारायचे, आणि तू दर वेळी ड्राइव्हचं सांगायचीस. चिंचोका आता चिंचोका राहिला नव्हता. तुझा डावा हात सुजायला लागला होता. विहिरीवरून कळशी आणताना तू ती उजव्या कमरेवर घ्यायला लागलीस आणि मला शंका यायला नको म्हणून आधीच सांगून टाकलंस की खांदा आखडलाय.

एका रविवारी तू ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळून घरी आणलास. भाजीचा सुरा घेऊन सील कापलंस. कापताना तोंड असं केलंस की स्वतःचंच काही कापते आहेस. स्वयंपाकघरात जमिनीवर सूप ठेवलंस, स्क्रू गडगडू नयेत म्हणून, आणि सुपात ड्राइव्ह. स्क्रू मी वाटीत गोळा करत होते. वरचा पत्रा निघाला. आत दोन बारीक दांड्या होत्या, त्यावर फ्लॉपी वाचणारा तुकडा पुढेमागे सरकतो. तू तो बोटानं हळूच मागे ढकललास. शेवटापर्यंत जाईना. परत ढकललास. मग वाकून बघितलंस आणि केसातली पिन काढून आत घातलीस. दांडीच्या टोकाशी तांदळाचा दाणा आडवा बसला होता. हळदीनं पिवळा झालेला, अख्खा.

"ह्यो बघ," तू म्हणालीस. "ह्यो बसललो आडवो."

शाळेत त्या ड्राइव्हवर अक्षता एकाच माणसानं टाकल्या होत्या. तू आधी हसलीस, खरंच हसलीस, पोट धरून. मग हसू थांबलं तरी तोंड तसंच राहिलं.

"मीच टाकलंय. माका कोणी सांगलेला नव्हता."

मी तुला जवळ घ्यायला हवं होतं की काय करायला हवं होतं, कळत नव्हतं. मी म्हटलं, झालं ना आता, उद्या गोव्याला जाऊ. तू दाणा वाटीत टाकलास, स्क्रू लावायला घेतलेस आणि म्हणालीस की आता कॅसेटींतलं सगळं फ्लॉपीत घालायला हवं, पोरांना शिकवायला हवं. "अधिकारी येवन जावंदे. मगे तू सांगशीत थंय येतंय." त्याच दिवशी शाळेत नेऊन जोडला तर ड्राइव्ह पहिल्याच फटक्यात चालला. मला तो उचलून विहिरीत टाकावासा वाटत होता.

अधिकारी आले ते मीही पाहिले, त्या दिवशी मी मुद्दाम कॉलेज बुडवलं होतं. पोरं दोघं-दोघं येऊन बसत होती, फ्लॉपी घालत होती, घरघर होत होती, पडद्यावर पाढे आणि कोन आणि तू बनवलेला तो आंब्याच्या पेट्यांचा हिशेब येत होता. अधिकाऱ्यांनी स्वतःचं नाव टाईप करून बघितलं. त्यांनी विचारलं, हे जोडलं कुणी? हेडमास्तर म्हणाले, "आमच्या बाईंनी. स्वतः उघडून." ते चहा घेऊन, सोलकढी घेऊन, लवकरच निघून गेले. संगणक राहिला. तू दाराशी उभी होतीस, सुजलेला हात पदराखाली, आणि तुझं तोंड इतकं उजळलेलं होतं की मला बघवेना. त्याआधी तुला एवढं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचाच तर मला राग आहे. तुझ्या त्या सुखात मी कुठेच नव्हते, आणि तुझं स्वतःचं शरीरही नव्हतं.

मग गोवा. इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, कोंकणीत बोलत होते. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "केन्नासावन आसा हें?" कधीपासून. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "म्हयनो झालो असात."

मी म्हटलं, "आषाढापासून."

त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि मला बाहेर या म्हणाले. बाहेर काय सांगितलं ते तू शेवटपर्यंत विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही, आणि तुला ते सगळं ठाऊक होतं. परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. बांद्याला गाडी थांबली, मी खाली उतरून चहा आणला, तो तू घेतलास, प्यायलीस, पेला माझ्या हातात दिलास आणि मग बोललीस.

"तेका आषाढ कित्याक सांगलंस?"

"खरां ता सांगलंय."

"म्हयनो पुरे होतो. तेच्यासमोर माका अडाणी ठरवलंस."

तुझा तो शेवटचा ओरडा. त्यानंतर तू मला कधी काही बोलली नाहीस, बोलायचं बळही उरलं नाही. कापलं, परत आणलं, परत नेलं. पुढच्या वैशाखात तू गेलीस. पोरं शाळेच्या गणवेशात आली होती, सुट्टी असूनही. हेडमास्तर अंगणात उभे राहून रडत होते, मोठ्यानं, आणि मला त्यांची कीव येत होती. संगणक नंतर दोन-तीन वर्षं चालला असेल. मग त्याहून चांगले आले आणि तुझा कपाटात गेला.

अडाणी. हा शब्द घेऊन मी इतकी वर्षं काढली. तुला मरणाची नाही, त्या तरुण डॉक्टरसमोर मूर्ख दिसायची भीती वाटली, हे मला कधी समजून घेता आलं नाही. मी तुझ्या नावानं कितीदा बोलले असेन. लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, मुलगी मोठी झाल्यावर तिला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, की माझी आई शिकलेली होती, यंत्र उघडून दाणा काढू शकत होती, आणि एका डब्यापायी स्वतः गेली. बाईमाणसानं अंगावर दुखणं काढू नये, हे मी गावच्या महिला मंडळात उभं राहून सांगते. तुझंच उदाहरण देते. ड्राइव्हचं सांगितलं की बायका हसतात, मग पदर सारखे करतात.

सरांनी ड्राइव्ह आणून ठेवला तेव्हा श्रावण सरत आला होता. मी स्क्रू काढले, सूप घेतलं, वाटी घेतली, सगळं तुझ्यासारखं. दांड्या पुसल्या, टोकाशी बोट फिरवून बघितलं. काही नव्हतं. पट्टा आला की बसवीन, चालू करून शाळेला देईन, असं सरांना सांगितलंय. मुलीलाही तेच सांगत होते फोनवर, की जरा हे यंत्राचं काम चाललंय, मग येते तुझ्याकडे. ती माझ्यासारखीच तापट. आवाजावरून तिला काहीतरी कळलं आणि ती काल पुण्याहून गाडी घेऊन थेट दारात. आत येऊन तिनं पहिल्यांदा ड्राइव्हकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी तिचा हात धरून माझ्या काखेखाली ठेवला, तेव्हा कधीपासून, म्हणून विचारलं. मी म्हटलं, झाले असतील आठ-दहा दिवस.

उद्या सकाळी निघतोय, त्याच रस्त्यानं, त्याच इस्पितळात. ती आत झोपली आहे. हे कागद मी ड्राइव्हच्या पत्र्याखाली घालून स्क्रू लावणार आहे, सर उघडतील तेव्हा उघडतील. डॉक्टर विचारणारच. चतुर्थीच्या आधीपासून आहे, आई. घरात गणपती येणार होता. हे मी अजून फक्त तुलाच सांगितलंय.